सी भाषा स्वतःच्या बळावर शिकताना: पुस्तक कोणते, साधने कोणती आणि ती पारखायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रोग्रामिंगची फारशी पूर्वतयारी नाही, शिकवणी लावायची नाही, सी भाषा स्वतःच शिकायची आहे, परंतु पुस्तके, व्हिडिओ, मोफत पीडीएफ आणि संकेतस्थळे यांची इतकी गर्दी आहे की सुरुवात कशाने करावी हे उमगत नाही, आणि एक हाती घेतले की दुसरे याहून चांगले असेल अशी रुखरुख लागून राहते. मी ही भाषा कोणाच्या मार्गदर्शनाशिवाय, चुकतमाकत शिकलो, नंतर वीसहून अधिक वर्षे तिच्यातच काम केले, आणि या काळात अनेक नवख्या सहकाऱ्यांना तिचे पहिले धडे दिले. त्यामुळे उत्तर जरा लांबले आहे. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निष्कर्ष आधीच सांगतो: एकच मुख्य पुस्तक निवडा, ते स्वाध्यायांसह शेवटपर्यंत न्या, आणि पहिल्या दिवसापासून कम्पायलरच्या (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाच्या) वॉर्निंग, म्हणजे इशारे, चालू ठेवून काम करा. पुस्तक कोणते हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण ही शेवटची गोष्ट त्याहूनही महत्त्वाची आहे, आणि नेमके तिच्याबद्दलच नवशिक्यांना कोणी फारसे सांगत नाही.

याचे कारण सी भाषेच्या स्वभावात आहे. डेनिस रिची यांनी ही भाषा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडवली आणि १९७३मध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यात नव्याने लिहिली गेली. ज्यांच्यासाठी ती घडली ते यंत्राचे अंतरंग जाणणारे लोक होते; त्यामुळे आपण काय करतो आहोत हे प्रोग्रामरला ठाऊक आहे असे ती गृहीत धरते आणि त्याच्या आड येत नाही. दहा घरांचा अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या मूल्यांची सलग रांग) घेतला की त्याची घरे शून्यापासून नऊपर्यंत असतात. लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणारा भाग, लिहिताना ‘दहापेक्षा लहान’ या अटीऐवजी ‘दहा किंवा त्याहून लहान’ अशी अट पडली, तर प्रोग्राम अकराव्या, म्हणजे मुळात नसलेल्याच घरात लिहू लागतो. पायथॉन किंवा जावा अशा वेळी तिथल्या तिथे थांबून चूक दाखवतात. सी तसे करण्यास बांधील नाही. शेजारच्या बाइट्समध्ये जे काही असेल त्यावर ते मूल्य जाऊन बसते. कधी प्रोग्राम कोसळतो, कधी भलत्याच व्हेरिएबलची किंमत बदलते, आणि पुष्कळदा काहीच होत नाही, उत्तर अगदी बरोबर येते. भाषेच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे तिच्या अधिकृत नियमावलीत, याला अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतात, म्हणजे अशा प्रसंगी काय घडावे यावर स्टँडर्ड कोणतेही बंधन घालत नाही. ‘चालला म्हणजे बरोबर आहे’ हा आडाखा म्हणूनच सीमध्ये दगा देतो. वर्गात शिकणाऱ्याची वही निदान कोणीतरी तपासते. एकट्याने शिकणाऱ्याची वही तपासायला कोणी नसते. तेव्हा कोणतेही साहित्य निवडताना पाहायचे ते हे, की ते तुमच्या चुका उघड करते की झाकून ठेवते.

मी हे किंमत मोजून शिकलो. माझ्या पहिल्या पुस्तकात स्कॅनएफने (कीबोर्डवरून मूल्य वाचणाऱ्या फंक्शनने) आकडा वाचल्यानंतर लगेच एखादे अक्षर वाचायचे झाल्यास मध्ये ‘एफफ्लश एसटीडीइन’ अशी ओळ घालावी, असे ठामपणे लिहिले होते. कारण दिलेले नव्हते. मी ती ओळ मंत्रासारखी सर्वत्र घालत गेलो आणि माझ्या कम्पायलरवर सारे सुरळीत चालत राहिले. पुढे लिनक्सवर काम करायची वेळ आली, तेव्हा तोच प्रोग्राम दुसरा प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहताच पुढे पळू लागला. दोन दिवस मी टर्मिनलला दोष देत होतो. खरी गोष्ट अशी होती की आकड्यानंतर दाबलेल्या एंटरचे न्यूलाइन अक्षर इनपुटमध्येच उरते आणि पुढचे वाचन तेच उचलते. एफफ्लश हे फंक्शन आउटपुटसाठी आहे, आणि कीबोर्डवरून येणाऱ्या इनपुटवर ते वापरल्यास काय व्हावे हे सीच्या स्टँडर्डने सांगितलेलेच नाही. माझ्या जुन्या कम्पायलरने ती ओळ चालवून घेतली होती, एवढाच त्याचा अर्थ. त्या पुस्तकाने मला सी शिकवली नव्हती, एका विशिष्ट कम्पायलरच्या सवयी शिकवल्या होत्या, आणि त्या मोडायला शिकण्याहून अधिक वेळ गेला.

असे साहित्य ओळखण्याच्या काही खुणा आहेत, आणि त्या भाषा येत नसतानाही तपासता येतात. पहिल्याच प्रोग्राममध्ये मेन या फंक्शनचा प्रकार पाहा: तिथे ‘इंट मेन’ असायला हवे. ‘व्हॉइड मेन’ असेल तर लेखकाने स्टँडर्डकडे लक्ष दिलेले नाही असे समजावे. सुरुवातीला ‘कॉनिओ’ नावाची हेडर फाइल, पडदा पुसण्यासाठी ‘सीएलआरएससीआर’ आणि शेवटी ‘गेटसीएच’ असेल, तर ते साहित्य बोर्लंड कंपनीच्या टर्बो सीसाठी लिहिलेले आहे. टर्बो सी १९८७मध्ये आले, एमएस-डॉससाठी होते, आणि त्या काळात ते उत्तम साधन होते. पण त्यात इंट (पूर्णांक साठवणारा प्रकार) दोनच बाइट्सचा होता, आजच्या नेहमीच्या संगणकांवर तो चार बाइट्सचा असतो, आणि ती हेडर फाइल सी भाषेचा भाग कधीच नव्हती. तिसरी खूण गेट्स या फंक्शनची. हे फंक्शन एक ओळ वाचून दिलेल्या अ‍ॅरेत भरते, परंतु अ‍ॅरे किती मोठा आहे हे त्याला सांगण्याची सोयच नाही, त्यामुळे ओळ लांब आली की ते हद्द ओलांडून लिहीत सुटते. १९८८चा मॉरिस वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्राम) अनेक यंत्रांमध्ये शिरला तो ज्या वाटांनी, त्यांतली एक वाट फिंगर सेवेच्या प्रोग्राममधल्या याच गेट्समधून जात होती. २०११च्या स्टँडर्डमधून हे फंक्शन काढून टाकण्यात आले. त्यानंतरही जे साहित्य गेट्स वापरून नाव वाचायला शिकवते आणि एफगेट्सचा (ज्याला जागेची मर्यादा सांगता येते अशा फंक्शनचा) उल्लेखही करत नाही, ते बाजूला ठेवावे.

चौथी खूण मला सर्वांत जास्त खटकते. ‘आय प्लसप्लस अधिक प्लसप्लस आय’ यासारखी एक्सप्रेशन देऊन ‘याचे आउटपुट काय?’ असे विचारणारे प्रश्नसंच पुष्कळ आहेत आणि त्यांची उत्तरे आत्मविश्वासाने छापलेली असतात. एकाच एक्सप्रेशनमध्ये एकाच व्हेरिएबलची किंमत, क्रम ठरलेला नसताना, दोनदा बदलणे हे अनडिफाइन्ड बिहेवियर आहे. त्याला बरोबर उत्तरच नाही. जो विद्यार्थी अशी उत्तरे पाठ करतो तो नियम शिकत नाही, नसलेला नियम आहे असे मानायला शिकतो. एखाद्या पुस्तकात अशी दोनचार कोडी दिसली तर बाकीचे पुस्तकही त्याच काळजीने, म्हणजे काळजीविना, लिहिले असण्याची शक्यता मोठी.

आता पुस्तकांकडे वळू. ब्रायन कर्निहान आणि डेनिस रिची यांचे ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’ हे नाव सर्वप्रथम सुचवले जाते आणि ते योग्यच आहे. १९७८मध्ये पहिली आवृत्ती आणि १९८८मध्ये दुसरी, अवघी २७२ पाने, आणि त्यात एकही वाक्य वाया गेलेले नाही. परंतु ते घेताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, ते ज्याला प्रोग्रामिंगची थोडीफार ओळख आहे अशा वाचकासाठी लिहिलेले आहे. व्हेरिएबल आणि लूप म्हणजे काय हेच ज्याला नवे आहे, तो दुसऱ्या प्रकरणापर्यंत दमतो आणि दोष स्वतःकडे घेतो. दोन, नेटवर पहिल्या आवृत्तीच्याही प्रती फिरतात. तिच्यातली फंक्शन लिहिण्याची पद्धत केव्हाच मागे पडली आहे, म्हणून मुखपृष्ठावर ‘अ‍ॅन्सी सी’ असे छापलेली दुसरीच आवृत्ती घ्यावी. तीन, दुसरी आवृत्तीही १९८९च्या पहिल्या स्टँडर्डच्या काळातली आहे. तिच्यातल्या अगदी पहिल्या प्रोग्राममध्ये मेनच्या आधी इंट लिहिलेले नाही. १९९९च्या स्टँडर्डने ही सवलत काढून घेतली, आणि जीसीसी या कम्पायलरची १४वी आवृत्ती, जी २०२४मध्ये आली, तिने यावर नुसती वॉर्निंग न देता थेट एरर द्यायला सुरुवात केली. पुढे त्याच पहिल्या प्रकरणात लेखकांनी गेटलाइन नावाचे फंक्शन लिहिले आहे, आणि नेमके त्याच नावाचे फंक्शन आता लिनक्सवरच्या लायब्ररीत असल्यामुळे नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन्हींची टक्कर होते. उपाय सोपा आहे: पहिल्या बाबतीत इंट लिहावे आणि कंसात व्हॉइड लिहावे, दुसऱ्या बाबतीत फंक्शनचे नाव बदलावे. पण हे आधी माहीत नसले तर पुस्तकातला प्रोग्राम जसाच्या तसा उतरवूनही का चालत नाही, या विचाराने नवशिक्याचा पहिलाच आठवडा खराब होतो.

ज्याने कधीच प्रोग्राम लिहिलेला नाही आणि ज्याला एकट्यानेच शिकायचे आहे, त्याला मी के. एन. किंग यांचे ‘सी प्रोग्रामिंग: अ मॉडर्न अ‍ॅप्रोच’ सुचवतो. त्याची दुसरी आवृत्ती २००८ची आहे. आठशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ पाहून छाती दडपते, परंतु ती जाडी विद्यार्थ्याच्या फायद्याची आहे: लेखक घाई करत नाही, १९९९च्या स्टँडर्डने आणलेल्या गोष्टी वेगळ्या दाखवतो, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रश्नोत्तरांचा एक भाग देतो, ज्यात नेमक्या त्या शंका असतात ज्या एकट्याने वाचताना मनात येतात आणि विचारायला कोणी नसते. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता साठवणारी व्हेरिएबल, अकराव्या प्रकरणात येतात, अ‍ॅरेशी त्यांचे नाते बाराव्यात, स्ट्रिंग तेराव्यात, आणि मेमरी मागून घेण्याचे अवघड काम थेट सतराव्यात. ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते, कारण पॉइंटरवर हात बसायला वेळ लागतो आणि हे पुस्तक तो वेळ देते. त्यानंतर आलेली स्टँडर्ड, म्हणजे २०११चे, २०१८मध्ये प्रसिद्ध झालेले सी१७ आणि २०२४मध्ये प्रसिद्ध झालेले सी२३, यात नाहीत. परंतु नवशिक्याला लागणारी जवळजवळ सगळी भाषा त्याआधीच स्थिरावली होती, त्यामुळे ही उणीव मनाला लावून घेऊ नये.

पैसे खर्च करायचे नसतील तर बीज यांचे सी-मार्गदर्शक नेटवर अधिकृतपणे मोफत आहे. भाषा गप्पा मारल्यासारखी असली तरी मजकूर काळजीपूर्वक लिहिलेला आहे. येन्स गुस्टेट यांचे ‘मॉडर्न सी’ हेही लेखकानेच मोफत उपलब्ध करून दिले आहे. ते मी दुसरे पुस्तक म्हणून सुचवेन, पहिले म्हणून नव्हे. व्हिडिओंमध्ये हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा अभ्यासक्रम सर्वांत भक्कम आहे. त्याच्या पहिल्या आठवड्यापासून पाचव्यापर्यंत सीच शिकवली जाते, नंतर पायथॉन येते. त्यातले गृहपाठ खरोखर कस लावणारे आहेत आणि ते आपोआप तपासून मिळतात, हा एकट्या विद्यार्थ्यासाठी मोठाच आधार. एक मात्र ध्यानात असू द्यावे: सुरुवातीला इनपुट घेण्यासाठी तिथे त्यांची स्वतःची लायब्ररी वापरतात आणि ‘स्ट्रिंग’ नावाचा प्रकार त्या लायब्ररीने दिलेला असतो. सी भाषेत तसा प्रकार नाही. हे त्या अभ्यासक्रमात पुढे उलगडून सांगितले जाते, पण मध्येच सोडून देणाऱ्याच्या डोक्यात तो गैरसमज कायमचा घर करतो.

इतर व्हिडिओंबद्दल माझे मत कडक आहे. व्हिडिओ पाहताना सारे समजल्यासारखे वाटते, कारण टंकन, अडखळणे आणि दुरुस्ती दुसरा कोणीतरी करत असतो. एखादी संकल्पना पुस्तकात अडली तर तेवढ्यापुरता व्हिडिओ पाहावा, परंतु मुख्य साधन म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येतो, म्हणजे साधनांकडे. नवशिक्यांची एक गल्लत आधी दूर करतो: ज्यात आपण कोड टंकतो तो एडिटर वेगळा आणि कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा कम्पायलर वेगळा. व्हीएस कोड हा एडिटर आहे; तो उतरवून घेतल्याने सी कम्पायलर येत नाही. लिनक्सवर जीसीसी घ्यावा, मॅकवर अ‍ॅपलच्या कमांड लाइन टूल्ससोबत क्लँग हा कम्पायलर मिळतो, आणि विंडोजवर माझा सल्ला डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) बसवून तिच्यातला जीसीसी वापरण्याचा आहे, कारण पुढे ज्या तपासनीस साधनांविषयी सांगणार आहे ती तिथे विनासायास चालतात. काही आठवडे तरी कम्पायलर टर्मिनलवरून, आपल्या हाताने आज्ञा टंकून चालवावा. बटण दाबून चालवणाऱ्याला कम्पायलरची एरर, लिंकरची (कम्पाइल झालेले भाग जोडणाऱ्या साधनाची) एरर आणि प्रोग्राम चालताना आलेली एरर यांतला फरक कळायला फार उशीर लागतो.

ती आज्ञा देताना ‘डब्ल्यू-ऑल’ आणि ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ हे दोन पर्याय नेहमी जोडावेत. दोन्हींतला डब्ल्यू मोठ्या लिपीतला आहे आणि त्याआधी एक आडवी रेघ येते. स्कॅनएफला व्हेरिएबलच्या आधीचे अँपरसँड चिन्ह द्यायचे राहिले, अटीत दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच पडले, प्रिंटएफमध्ये पूर्णांकाच्या जागी अपूर्णांकाचा फॉरमॅट गेला, अशा चुकांवर हे पर्याय बोट ठेवतात. नवशिक्याच्या निम्म्या चुका इथेच सापडतात असे मी अनुभवाने म्हणतो. वॉर्निंग ही एररपेक्षा कमी गंभीर असते हा समज मनातून काढून टाकावा. माझ्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला एकच नियम होता, की एक जरी वॉर्निंग उरली असेल तर प्रोग्राम चालवून पाहायचा नाही. एरर वाचताना नेहमी पहिली आधी दुरुस्त करावी, कारण एक सेमीकोलन राहिला तर त्याखाली दहा एररची रांग लागते, आणि पहिल्या एररचा ओळ क्रमांकही कधीकधी चुकलेल्या ओळीचा नसून तिच्या पुढच्या ओळीचा असतो. कम्पायलरला गडबड पुढच्या ओळीवर पोचल्यावरच कळते, त्याला तो तरी काय करणार.

दुसरे साधन सॅनिटायझर, म्हणजे प्रोग्राम चालताना अशा चुका पकडणारी कम्पायलरची सोय. ‘एफ-सॅनिटाइझ’ या पर्यायाला ‘अ‍ॅड्रेस’ आणि ‘अनडिफाइन्ड’ अशी दोन नावे देऊन, सोबत डीबगची माहिती ठेवणारा ‘जी’ हा पर्याय जोडून प्रोग्राम कम्पाइल करावा. मग वर सांगितलेला दहा घरांचा अ‍ॅरे आणि चुकलेली अट पुन्हा चालवून पाहावी. जो प्रोग्राम गुपचूप बरोबर उत्तर देत होता तो आता मध्येच थांबतो, ‘स्टॅक बफर ओव्हरफ्लो’ असे लिहितो, कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवर लिहिताना हद्द ओलांडली ते सांगतो, आणि कोणत्या व्हेरिएबलच्या पलीकडे ते घडले तेही दाखवतो. ‘हॅलो’ हा शब्द रोमन लिपीत पाच अक्षरांचा, म्हणून पाच घरांचा अ‍ॅरे घेऊन त्यात तो स्ट्रिंग-कॉपीने भरला, तरी हेच होते, कारण स्ट्रिंगच्या शेवटी शून्य मूल्याचा एक बाइट लागतो आणि तो सहावा असतो. मूल्य न देताच वापरलेले व्हेरिएबल मात्र हे दोन सॅनिटायझर पकडत नाहीत. त्यासाठी व्हॅलग्रिंड हे वेगळे साधन आहे. मी शिकत होतो तेव्हा हे सारे हाताशी असते तर माझी किमान दोन वर्षे वाचली असती, असे मला मनापासून वाटते. खाजगी शिक्षक प्रत्येक ओळीवर लक्ष ठेवू शकणार नाही इतके बारीक लक्ष ही साधने ठेवतात, आणि ती मोफत आहेत.

तरीही त्यांच्या कक्षेबाहेरच्या चुका असतातच. सेल्सिअसचे फॅरेनहाइट करण्याचा स्वाध्याय जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतो. नवशिक्या सूत्र पाहून ‘नऊ भागिले पाच गुणिले सी अधिक बत्तीस’ असे लिहितो. सीमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, म्हणजे नऊ भागिले पाच याचे उत्तर १ येते, १.८ नव्हे, त्यामुळे ३७ अंशांचे उत्तर ९८.६ ऐवजी ६९ येते. उलट दिशेने ‘पाच भागिले नऊ’ आधी लिहिले तर ते शून्यच होते आणि कोणत्याही तापमानाचे उत्तर शून्य येते. कर्निहान-रिची यांनी आपल्या पुस्तकाच्या आरंभीच आधी पाचाने गुणून मग नवाने भागले आहे आणि तसे का केले ते सांगितले आहे. इथे कम्पायलर गप्प राहतो, सॅनिटायझरही गप्प राहतो, कारण भाषेच्या दृष्टीने काहीच चुकलेले नाही. म्हणून प्रोग्राम लिहिण्यापूर्वी, उत्तर आधीच माहीत आहे अशी दोन-तीन उदाहरणे कागदावर मांडून ठेवावीत आणि प्रोग्रामचे उत्तर त्यांच्याशी ताडून पाहावे.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती ज्याची त्याने बसवायची असते. पुस्तकातला कोड कॉपी करू नये, टंकावा. तो चालल्यावर मुद्दाम एक-एक गोष्ट बिघडवून कम्पायलर काय म्हणतो ते पाहावे. आणि स्वाध्याय सोडवल्याशिवाय प्रकरण संपले असे मानू नये. रोज तासभर दिला तर किंग यांच्या पुस्तकाचा मुख्य भाग चार-सहा महिन्यांत होतो असा माझा अनुभव आहे. याहून लवकर होईल असे सांगणाऱ्या शीर्षकांकडे दुर्लक्ष करावे.

पॉइंटरपाशी मात्र थांबणे भाग आहे, कारण स्वतः शिकणारे बहुतेक लोक इथेच गळतात. माझ्या मते पॉइंटर अवघड नाहीत, ते मनातल्या मनात हाताळणे अवघड आहे. कागदावर मेमरीची घरे चौकोनांनी काढावीत, प्रत्येक चौकोनाखाली एक पत्ता लिहावा, आणि पॉइंटर हाही एक चौकोनच आहे, फक्त त्यात दुसऱ्या चौकोनाचा पत्ता लिहिलेला आहे, एवढे धरून प्रोग्राम ओळीओळीने हाताने चालवावा. दोन व्हेरिएबलची अदलाबदल करणारे फंक्शन अशा रीतीने एकदा पॉइंटरविना आणि एकदा पॉइंटरसह चालवले, की फंक्शनला किंमतीची नक्कल मिळते हे वाक्य पाठ करावे लागत नाही. हेच चित्र आपोआप काढून दाखवणारे ‘पायथॉन ट्यूटर’ नावाचे संकेतस्थळ आहे आणि नाव तसे असले तरी ते सीसाठीही चालते. ‘अ‍ॅरे म्हणजे पॉइंटरच’ हे वाक्य ज्या पुस्तकात दिसेल तिथे सावध व्हावे. दहा इंटच्या अ‍ॅरेचा साइझऑफ (किती बाइट लागतात तो आकडा) घ्या, तो नेहमीच्या यंत्रावर ४० येतो. तोच अ‍ॅरे फंक्शनला देऊन आत साइझऑफ घ्या, ६४ बिट यंत्रावर तो ८ येतो, कारण आत पोचला तो पहिल्या घराचा पत्ता, अ‍ॅरे नव्हे. या विषयावर स्टीव्ह समिट यांनी संकलित केलेल्या सी-प्रश्नोत्तरांचा सहावा विभाग जुना असूनही अजून तितकाच उपयोगी आहे.

संदर्भासाठी दोन ठिकाणे पुरेत: लिनक्सवर कोणत्याही लायब्ररी फंक्शनची माहिती देणारी मॅन पाने, आणि सीपीपी-रेफरन्स या संकेतस्थळाचा सी विभाग. ही शिकण्याची नव्हे, पाहून घेण्याची साधने आहेत. प्रत्येक फंक्शन काय परत देते हे तिथे आवर्जून वाचण्याची सवय लावून घ्यावी. स्कॅनएफ किती गोष्टी वाचल्या ते सांगते आणि मॅलॉकला (मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनला) मेमरी मिळाली नाही तर ते नल, म्हणजे रिकामा पत्ता, परत देते, हे माहीत असूनही न तपासणारे कोड जागोजागी दिसते. एआयवर चालणाऱ्या संवादसाधनांना एररचा अर्थ विचारायला माझी हरकत नाही, पण स्वाध्यायाचे उत्तर त्यांच्याकडून घेतले तर त्या स्वाध्यायाचा उपयोग संपला. त्यांनी दिलेला कोडही त्याच वॉर्निंग आणि सॅनिटायझरखाली चालवावा. माणसाला विचारायचे असेल तर आधी प्रोग्राम छाटत छाटत वीसेक ओळींवर आणावा आणि एरर जशीच्या तशी द्यावी; या छाटण्यातच निम्म्या वेळा उत्तर सापडते.

पुस्तक संपत आले की काय लिहावे असा पुढचा प्रश्न असतो, म्हणून तेही सांगून ठेवतो. युनिक्सवर ‘डब्ल्यूसी’ नावाची छोटी आज्ञा आहे, ती फाइलमधल्या ओळी, शब्द आणि बाइट मोजते. ती स्वतः लिहावी. गेटकॅरने एक-एक बाइट वाचताना त्याचे मूल्य ‘चार’ या एका बाइटच्या प्रकारात (इंग्रजी char; आकडा नव्हे) ठेवण्याचा मोह होईल. ते इंटमध्ये ठेवावे लागते, कारण फाइल संपल्याची खूण म्हणून येणारे मूल्य कोणत्याही बाइटहून वेगळे असले पाहिजे. ‘चार’मध्ये ठेवले तर काही यंत्रांवर २५५ मूल्याचा साधा बाइट फाइलचा शेवट समजला जातो, आणि एआरएमवरच्या लिनक्सवर, जिथे ‘चार’ ऋण होत नाही, लूप कधी संपतच नाही. मग त्या प्रोग्रामला मराठी मजकुराची फाइल द्यावी, जे कोणतेही इंग्रजी पुस्तक सुचवत नाही. ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबाने तो पाच चिन्हांचा आहे, कारण काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजली जातात. आणि यूटीएफ-८मध्ये (युनिकोड बाइट्समध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्यामुळे स्ट्रिंगची लांबी सांगणारे फंक्शन त्याची लांबी १५ सांगते. त्या बाइट्स साध्या ‘चार’मध्ये घेऊन छापल्या तर नेहमीच्या संगणकावर त्या ऋण आकड्यांत दिसतील, आणि पुस्तकातल्या पद्धतीने शब्द उलटा केला तर पडद्यावर नुसता कचरा येईल. ‘चार’ म्हणजे अक्षर नव्हे, बाइट, हे त्या क्षणी जसे पटते तसे कोणत्याही व्याख्येने पटत नाही. त्यानंतरचा स्वाध्याय असा: ज्या बाइटचे वरचे दोन बिट ‘एक-शून्य’ आहेत तो बाइट मोजायचा नाही, बाकीचे सगळे मोजायचे. बिटवाइज अँड वापरून ही अट एका ओळीत बसते, आणि उत्तर १५ऐवजी ५ येते. ते खऱ्या डब्ल्यूसीला ‘एम’ हा पर्याय देऊन आलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. फाइलच्या शेवटी न्यूलाइन असेल तर दोन्हीकडे एक वाढेल.